धूम्रपान सोडू पाहणाऱ्याच्या हातात औषध द्या, आणि पुरेसे द्या: नाशिक जिल्हा तंबाखू नियंत्रण समितीस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा तंबाखू नियंत्रण समन्वय समिती, नाशिक
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी, नाशिक महानगरपालिका

विषय: धूम्रपान सोडण्यासाठीची औषधे जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांतून पूर्ण मुदतीसाठी मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

सातपूर औद्योगिक वसाहतीलगत गेली अनेक वर्षे मी औषधांचे दुकान चालवतो. पहिली पाळी सुटली की दुकानाबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर सिगारेट ओढणारे जितके दिसतात, त्यातलेच काही जण थोड्या वेळाने रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात आणि आवाज जरा खाली घेऊन विचारतात, ‘सिगारेट सुटायची काही गोळी आहे का?’ हे पत्र त्या प्रश्नाविषयी आहे. तंबाखूविरोधी दिनाच्या शपथा, शाळांभोवतीच्या शंभर यार्डांच्या पिवळ्या रेषा आणि सार्वजनिक ठिकाणी धूर काढणाऱ्याला होणारा दंड ही कामे समिती करते आणि ती करायलाच हवीत. परंतु ज्याने मनाशी ठरवले आहे, जो स्वतःच्या पायाने औषध मागायला आला आहे, त्याच्यासाठी आपल्या व्यवस्थेने काय मांडून ठेवले आहे, हे एकदा तपासून पाहावे अशी माझी विनंती आहे.

अशा माणसाला आपल्याकडे मिळते ती बहुतेक वेळा समजूत. ‘मनाचा निश्चय करा, आपोआप सुटेल’ हे वाक्य डॉक्टर बोलतात, घरचे बोलतात, आणि काउंटरच्या मागे उभे राहणारे आम्हीही बोलतो. ते चुकीचे आहे असे नाही, पण अपुरे आहे. सिगारेटचा किंवा विडीचा झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तिथल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या निकोटीन पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटते आणि डोपामाइन हे सुखाची जाणीव देणारे रसायन मोकळे करते. वर्षानुवर्षे दिवसातून पंधरा-वीस वेळा हे घडले की त्या ग्राहींची संख्याच वाढते, आणि मग पुरवठा थांबल्याबरोबर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रता न होणे आणि कडाडून भूक लागणे सुरू होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. कोणत्याही मदतीशिवाय एकदम बंद करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. उरलेल्या पंचाण्णवांना निश्चयच नव्हता असे म्हणणे मला मान्य नाही. घर चालवणारी, रात्रपाळी करणारी, कर्ज फेडणारी ही माणसे आहेत. निश्चय त्यांच्याकडे भरपूर असतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि त्यांच्यापैकी ५५.४ टक्के जण ते सोडण्याच्या विचारात होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, म्हणजे देशाच्या मानाने बरेच कमी आढळले, पण त्याच वेळी २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. धूम्रपानाचा आकडा लहान दिसतो म्हणून तो बाजूला ठेवण्याचा मोह होऊ शकतो. उलट मला असे वाटते की लहान आकडा असणे ही सोय आहे: इतक्या माणसांना पूर्ण उपचार देणे जिल्ह्याच्या आवाक्यातले काम आहे, आणि एकदा ती व्यवस्था उभी राहिली की तंबाखू मळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या मोठ्या संख्येकडे तिच्याच आधाराने वळता येईल.

आता औषधांकडे येतो, कारण माझ्या तक्रारीचा गाभा तिथेच आहे.

सर्वांत जास्त मागणी असलेले आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने वापरले जाणारे औषध म्हणजे निकोटीनचा च्युइंगगम. तो २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतो. २ मिलिग्रॅमचा आजवर चिठ्ठीशिवाय मिळत आला आहे, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. कंपनीतून सुटलेला माणूस एक पट्टी घेतो, दुकानाबाहेर पडतानाच एक तुकडा तोंडात टाकतो आणि साध्या गमसारखा चघळू लागतो. निकोटीन एकदम सुटते, लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, छातीत जळजळते, मळमळते. पोटात गेलेल्या निकोटीनचा बराचसा भाग यकृतात नष्ट होतो, त्यामुळे तलफही जात नाही. दोन-तीन तुकड्यांनंतर तो उरलेली पट्टी खिशात तशीच ठेवतो आणि पुढच्या वेळी मला सांगतो, ‘तुमच्या त्या गमने काही होत नाही.’

हा गम चघळायचा नसतो. दातांखाली हळूहळू दाबायचा, जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली की थांबायचे आणि तो गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चुणचुण ओसरली की पुन्हा चार-दोन वेळा दाबायचे आणि दुसऱ्या बाजूच्या गालात ठेवायचे. असे अर्धा तास. निकोटीन शोषले जाते ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून, आणि तोंडात आंबटपणा असेल तर ते नीट शोषले जात नाही; म्हणून गम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, थंड पेय, लिंबू सरबत काहीही घ्यायचे नाही. नाशिकच्या कामगाराला हा शेवटचा नियम कोणी सांगितला नाही, तर औषध वाया गेले असेच समजावे, कारण त्याची सिगारेट चहाला बांधलेली असते आणि सिगारेटच्या जागी गम आला तरी कटिंग हातात असतोच.

मात्रेचेही तसेच आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जो पहिली विडी किंवा सिगारेट पेटवतो, त्याचे शरीर रात्रभराच्या उपवासाने कासावीस झालेले असते. त्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. जो नाश्ता करून, आवरून, बसस्टॉपवर पोहोचल्यावर पहिली ओढतो, त्याला २ मिलिग्रॅम पुरतो. हा एक प्रश्न, ‘उठल्यावर पहिली कधी?’, विचारायला दहा सेकंद लागतात आणि दिवसाला किती ओढता या प्रश्नापेक्षा तो जास्त सांगून जातो. विशेषतः आपल्या भागात, जिथे विडीचा कट्टा दोघा-तिघांत फिरतो आणि कोणाच्या किती झाल्या याचा हिशेब कोणालाच देता येत नाही. शिवाय पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक याप्रमाणे दिवसाला किमान नऊ तुकडे घ्यावे लागतात, पुढे ते कमी करत बारा आठवड्यांपर्यंत जायचे असते. म्हणजे आठ-दहा तुकड्यांची जी पट्टी माणूस ‘बघू या’ म्हणून नेतो, ती जेमतेम एका दिवसाची मात्रा आहे. क्षयाच्या गोळ्या चार दिवस घेऊन कोणी ‘टीबी बरा झाला नाही’ म्हटले, तर आपण औषधाला दोष देणार नाही. इथे मात्र देतो.

निकोटीनची त्वचेवर चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच, आपल्याकडे कमी खपतो, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला तो सोयीचा आहे. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची, सहा आठवड्यांनी १४ वर आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी ७ वर यायचे. रोज सकाळी कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर नवा पॅच, आणि रोज जागा बदलायची. स्वप्ने फार पडू लागली किंवा झोप लागेना, तर रात्री काढून ठेवायचा. पॅच दिवसभर एकसारखे निकोटीन पुरवतो, पण दुपारी साहेबांशी वाजले किंवा मित्राने पाकीट पुढे केले की उसळणारी तलफ त्याने शमत नाही. त्यासाठी सोबत गम किंवा चघळायची गोळी लागते. अशी जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त यश देते, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तरीही ‘निकोटीनवर निकोटीन कशाला?’ असा आक्षेप डॉक्टरांकडूनही ऐकू येतो. कर्करोग, फुप्फुसाचे विकार आणि हृदयविकार यांना मुख्यतः कारण होतात ते धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर असंख्य विषारी घटक. निकोटीन माणसाला त्यांच्याशी बांधून ठेवते. धुराविना, मोजून आणि उतरत्या मात्रेत दिलेले निकोटीन ही बांधणी सैल करायला उपयोगी पडते. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्याला, गरोदर स्त्रीला आणि अठरा वर्षांखालील मुलांना मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय यातले काहीही देऊ नये.

गोळ्यांमध्ये दोन नावे महत्त्वाची आहेत. पहिले व्हरेनिक्लिन. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर निकोटीन बसते, तिथेच ते बसते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ कमी होते, आणि मधेच एखादी सिगारेट ओढलीच तर तिची गोडी लागत नाही. सोडण्याची तारीख ठरवून तिच्या एक आठवडा आधी सुरू करायचे असते: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस तेच दोनदा, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते. मळमळ हा नेहमीचा त्रास. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतले तर तो बराच आटोक्यात राहतो. काहींना विचित्र, ठसठशीत स्वप्ने पडतात.

या औषधाविषयी डॉक्टरांच्या मनात एक जुनी भीती बसलेली आहे आणि तिचा उगम सांगणे आवश्यक आहे. ते अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाले. पुढे नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी आल्यामुळे २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यानंतर सोळा देशांतील आठ हजारांहून अधिक लोकांवर, ज्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना मानसिक आजाराचा पूर्वेतिहास होता, एक मोठी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑनमुळे अशा मानसिक तक्रारी, पॅच किंवा नुसत्या दिखाऊ, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या तुलनेत लक्षणीयरीत्या वाढल्याचे त्यात आढळले नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो इशारा काढून टाकण्यात आला. त्याच चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण व्हरेनिक्लिन घेणाऱ्यांत २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत १६.२, पॅचवाल्यांत १५.७ आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ९.४ टक्के होते. इशारा निघून इतकी वर्षे झाली तरी ‘ती गोळी डोक्यावर परिणाम करते’ हे वाक्य आमच्या काउंटरवर अजून ऐकू येते. २०२१ मध्ये मूळ कंपनीने एका घातक अशुद्धीमुळे आपला माल परत मागवला होता, त्याचीही या भीतीत भर पडली; तो प्रश्न उत्पादनातील अशुद्धीचा होता, हे सांगणारे मात्र कमी भेटतात.

आणि या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये: सर्वांत चांगल्या औषधानेही पाचांपैकी साधारण एकच जण सहा महिने टिकला. जाहिरातीतल्या चमत्कारांची सवय झालेल्यांना हे निराशाजनक वाटेल. मला तसे वाटत नाही. दिखाऊ गोळीच्या दुपटीहून अधिक यश, तेही बारा आठवड्यांच्या स्वस्त-साध्या उपचाराने, आणि न जमल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा. दीर्घ आजारांच्या औषधांत इतका परतावा देणारी फार थोडी आहेत.

दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन. ही मुळात नैराश्यावरची. धूम्रपान सोडवण्यासाठी ती १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. हळूहळू विरघळणारी १५० मिलिग्रॅमची गोळी तीन दिवस एकदा, मग दोनदा, सात ते बारा आठवडे. ज्याला फिट येतात किंवा पूर्वी आलेल्या आहेत, त्याला ती चालत नाही. जो रोज भरपूर दारू पितो आणि सिगारेटबरोबर दारूही एकदम सोडतो आहे, त्यालाही चालत नाही, कारण तेव्हा फिट येण्याचा धोका वाढतो. आणि ‘दोन्ही एकदमच सोडतो’ असा संकल्प आषाढीला, श्रावणाच्या तोंडावर किंवा मुलीचे लग्न ठरल्यावर करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याने दारूचा प्रश्न विचारायलाच हवा. फायदा असा की ही गोळी आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या ओळखीची आहे, सहज मिळते, आणि सिगारेट सोडल्यावर जी वजनवाढ होते ती थोडी लांबणीवर टाकते.

सायटिसिन हे लॅबर्नम वृक्षाच्या बियांपासून मिळणारे औषध पूर्व युरोपात १९६४ पासून वापरात आहे. त्याचा कोर्स पंचवीस दिवसांचा असतो आणि ते परिणामकारक असल्याचे पुरावे चांगले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीवर पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात निकोटीन-पर्याय (म्हणजे गम, पॅच यांसारखे धुराविना निकोटीन देणारे उपचार), व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या चारही उपचारांची शिफारस आहे, आणि समुपदेशनाची जोड दिल्यास यश वाढते असेही म्हटले आहे. जिल्ह्याने सुरुवात पहिल्या तीनपासून करावी.

एक बाब मी मुद्दाम लांबवून लिहितो, कारण ती क्वचितच कोणी सांगते. दम्याच्या आणि धुराने फुप्फुसे निकामी होत चाललेल्या अनेक रुग्णांना आपल्याकडे थिओफायलिन असलेली गोळी वर्षानुवर्षे चालू असते. तंबाखूच्या धुरातील काही घटक यकृतातले एक विकर (एन्झाइम) वाढवतात आणि ते विकर थिओफायलिन लवकर संपवते. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला हे औषध जास्त मात्रेत लागते. माणूस सिगारेट सोडतो, ते विकर काही दिवसांतच खाली येते, गोळी मात्र तीच राहते, आणि रक्तातले औषध वाढून छाती धडधडू लागते, हात थरथरतात, उलटी होते. रुग्ण समजतो, सिगारेट सोडल्यामुळे हे होत आहे. आणि एक पेटवतो. मानसिक आजारांवरील क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचेही असेच होते. सिगारेट सोडल्यानंतर त्यांची मात्रा डॉक्टरांनी तपासून कमी करावी लागते. निकोटीनचा गम किंवा पॅच लावल्याने हे टळत नाही, कारण विकर वाढवणारे घटक धुरातले असतात. दिवसभरात सात-आठ कप चहा-कॉफी पिणाऱ्याला कॅफीनही याच कारणाने अंगावर येते. सोडल्यानंतरची अर्धी ‘घबराट’ कधी कधी नुसत्या चहाची असते. हे रुग्णाला चिठ्ठी देतानाच कोणी सांगितले, तर किती जण त्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरायचे वाचतील!

हे सारे लिहिण्याचे कारण असे की यातले काहीही गुपित नाही, महागडे यंत्र लागत नाही, आणि कागदावर त्याची सोयही झालेली आहे. निकोटीन-पर्याय उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन २०२१ मध्ये त्यात आले. भारताच्या सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही निकोटीन-पर्यायाचा समावेश झाला. २००७-०८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाच्या उद्दिष्टांतच जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्रे उभारणे आणि तिथे औषधोपचाराची सोय करणे हे नमूद आहे. जिल्ह्यातील कोणत्याही एका दवाखान्याकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की यादीत असलेले औषध आणि रुग्णाच्या हातात पडलेले औषध यांच्यामधले अंतर मोजण्याचे काम समितीने अंगावर घ्यावे.

म्हणून माझ्या मागण्या. जिल्हा रुग्णालय, महापालिकेची रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये येथे निकोटीन गम दोन्ही ताकदींत, पॅच आणि किमान एक गोळी बारा आठवड्यांच्या हिशेबाने उपलब्ध असावी. ती चार दिवसांपुरती देण्याचा प्रघात पडू नये. दर दोन आठवड्यांनी बोलावून पुढचे दोन आठवडे द्यावेत, म्हणजे औषधही वाया जाणार नाही आणि माणूस नजरेखाली राहील. निधीसाठी कार्यक्रमाच्या तरतुदीबरोबर जिल्हा नियोजन समितीचा दरवाजा ठोठावता येईल. गरिबाला हा कोर्स विकत घेणे जड जाते, याचे कारण केवळ किंमत नाही: सिगारेटचे पैसे तो रोज सुटे देतो, औषधाचे एकदम द्यावे लागतात.

सुट्या विक्रीचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते. सुट्या विक्रीचा एक तोटा लक्षात येत नाही: मदतीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक, १८००-११-२३५६, पाकिटावर छापलेला असतो, आणि जो एकेक सिगारेट घेतो त्याच्या हातात पाकीट कधी येतच नाही. तो क्रमांक टपरीवर, केसपेपरवर आणि औषधांच्या पिशवीवर मराठीत छापून घ्यावा. औषधांच्या पिशव्यांची जबाबदारी आम्ही दुकानदार घेऊ.

सातपूर आणि अंबडमधल्या कामगारांपैकी पुष्कळ जण राज्य कामगार विमा योजनेत आहेत. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाला समितीने सोबत घेतले, तर कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीतच ‘उठल्यावर पहिली कधी?’ हा प्रश्न विचारून तिथल्या तिथे उपचार सुरू करता येतील. क्षयरुग्णांचे तर याहून सोपे आहे: धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो, बरे होणे लांबते, आणि हा रुग्ण सहा महिने आपल्याच यंत्रणेच्या संपर्कात असतो. त्याच्या औषधांच्या डब्याबरोबर तंबाखूमुक्तीचे औषध जाऊ शकते.

सिन्नरचा विचार वेगळा करावा लागेल. तिथे पिढ्यान्‌पिढ्या विडी वळण्यावर घरे चालली. ज्या घरात तेंदूपान आणि जर्दा मांडीवर घेऊन बाई दिवस काढते, तिथे विडी सोडण्याचा उपदेश करणाऱ्याने जरा जपून बोलावे. विडीला सौम्य समजण्याची चूकही तिथे सर्रास होते. तेंदूचे पान सहज पेटून राहत नाही, म्हणून ओढणारा वरचेवर आणि जोराने झुरके घेतो, आणि निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड त्याला सिगारेटपेक्षा कमी मिळते असे नाही. औषधाची मात्रा ठरवताना ‘विडीच तर आहे’ म्हणून कमी धरू नये. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत मानसोपचारतज्ज्ञ जाऊन बसतील अशी अपेक्षा नाही, पण आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला गम आणि पॅच देण्यापुरते प्रशिक्षण देणे अवघड नाही. गोळीसाठी त्याने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा सल्ला फोनवरून घ्यावा. हे प्रशिक्षण देण्यासाठी बाहेरून कोणाला बोलावण्याचीही गरज नाही, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकातच आहे.

औषध नसले की त्याची जागा दुसरे काहीतरी घेते. चहातून नकळत देण्याची, ‘साइड इफेक्ट नसलेली’ पूड विकणाऱ्या जाहिराती रोज दिसतात. पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही, आणि ज्याला न सांगता औषध दिले जाते त्याच्या संमतीचा तर प्रश्नच कोणी काढत नाही. अन्न व औषध प्रशासनाला त्यांच्यावर कारवाई करता येते. ई-सिगारेट २०१९ पासून देशात बंद आहे, तरी महाविद्यालयांच्या आसपास ती ‘सोडायला मदत होते’ म्हणून खपवली जाते. या दोन्हींशी खरी स्पर्धा करू शकेल ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारे, ओळखीच्या नर्सने कसे घ्यायचे ते दाखवून दिलेले औषध.

आमच्या बाजूने एक प्रस्ताव आहे. जिल्ह्यातल्या औषधविक्रेत्यांना समितीने एका दुपारचे प्रशिक्षण द्यावे: गम कसा दाबायचा, पहिल्या सिगारेटची वेळ कशी विचारायची, फिट, दारू, थिओफायलिन यांची चौकशी कशी करायची आणि कोणाला विक्री न करता डॉक्टरांकडे पाठवायचे. प्रशिक्षण घेतलेल्या दुकानांची यादी जवळच्या सरकारी दवाखान्यात लावावी, आणि दवाखान्याच्या तंबाखूमुक्ती कक्षाचे वार व वेळ आमच्या काउंटरवर लावायला द्यावी. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर औषधांचा सध्याचा साठा, गेल्या वर्षी बारा आठवडे पूर्ण केलेल्या रुग्णांची संख्या आणि पुढील वर्षाची मागणी हे तीन मुद्दे घ्यावेत, आणि त्यांची उत्तरे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावीत, ही विनंती. बैठकीस बोलावल्यास मी दुकान बंद ठेवून येईन.

आपला विश्वासू,
सातपूर येथील एक औषधविक्रेता